शीर्षकाचे स्थान आणि शीर्षकाचे रूप
(पंडरी, रायपूर येथील व्याख्यान)



पंडरी म्हटले की रायपूरच्या माणसाला प्रथम कापडाचा बाजार आठवतो. येथील ठोक व्यापाऱ्याच्या दुकानात ताग्यांवर तागे रचलेले असतात. तरीही गिऱ्हाइकाने कोसा मागितला तर नोकर सुती कापडाचा तागा उचलून आणीत नाही. सुती कापडाला जरीचा काठ लावला म्हणून ते कोसा होत नाही आणि कोशाला काठच नसला म्हणून त्याचे कोसापण जात नाही. कापडाची जात ही एक गोष्ट आहे, त्याची सजावट ही दुसरी. व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. लेखकाला मात्र ते पुनःपुन्हा सांगावे लागते, कारण ग्रंथाची शीर्षके देताना तो नेमका काठालाच कापड समजतो.

संगणकावर लिहिलेल्या ग्रंथाच्या मुद्रणप्रतीत शीर्षके कशी द्यावीत, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. तथापि ज्याने तीनशे पृष्ठांच्या ग्रंथाची अनुक्रमणिका तीन वेळा हाताने तयार केली असेल आणि तिसऱ्या वेळीही तिच्यातील पृष्ठांक चुकलेले पाहिले असतील, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही.

शीर्षकाला दोन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे ग्रंथाच्या रचनेतील त्याचे स्थान. एखादी ओळ प्रकरणाचे नाव आहे, उपप्रकरणाचे नाव आहे, की नुसतेच जोर देऊन लिहिलेले वाक्य आहे, हा स्थानाचा प्रश्न होय. दुसरे अंग म्हणजे रूप. अक्षर किती मोठे, किती ठळक, ओळ मधोमध की डावीकडे, वर-खाली किती जागा, हा रूपाचा प्रश्न होय. स्थान लेखकाने ठरवावयाचे असते, कारण विचाराची मांडणी त्याची असते. रूप ग्रंथाची सजावट करणाऱ्याने ठरवावयाचे असते. ही दोन कामे एकमेकांत मिसळली म्हणजे दोन्ही बिघडतात.

पूर्वी ती आपोआपच वेगळी राहत. जुन्या पोथ्यांत शीर्षकासाठी स्वतंत्र ओळ सोडण्याचा प्रघात फारसा नव्हता. मजकूर अखंड वाहत असे. अध्याय संपला की समाप्तीचे वाक्य येई, आणि ते डोळ्यांना सापडावे म्हणून लेखनिक त्यावर गेरूचा हात फिरवी किंवा ते तांबड्या शाईने लिही. चुकलेले अक्षर तो पिवळ्या हरताळाने झाकून टाकी. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच मराठीत आला. ग्रंथकाराने सांगावे आणि लेखनिकाने रंग द्यावा, अशी ही वाटणी होती. पुढे शिशाच्या खिळ्यांचे मुद्रण आले तेव्हाही ती टिकून राहिली. लेखक कागदावर 'प्रकरण तिसरे' एवढेच लिही. ते कोणत्या मापाच्या खिळ्यांत जुळवावे आणि वर किती जागा सोडावी, हे संपादक कडेच्या मोकळ्या जागेत खुणेने नमूद करी, आणि जुळारी त्याप्रमाणे खिळे जुळवी. लेखकाच्या हाती खिळे नव्हते. म्हणून अक्षराचे माप बदलण्याचा मोहही त्याला नव्हता.

संगणकाने हा मोह निर्माण केला. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांचे सहकारी यांनी 'ब्राव्हो' नावाची लेखनप्रणाली तयार केली. पडद्यावर जसे दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही तिची किमया होती. तिच्यामुळे जुळाऱ्याचे सारे सामर्थ्य लेखकाच्या बोटांशी आले. परंतु जुळाऱ्याची शिस्त त्याबरोबर आली नाही. लेखक ओळ निवडू लागला, तिचे माप वाढवू लागला, तिला ठळक करू लागला, आणि ती शीर्षक झाली असे समजू लागला. वाचकाच्या डोळ्यांना ती शीर्षक वाटते हे खरे. संगणकाला मात्र ती केवळ मोठ्या, ठळक अक्षरांची एक ओळ असते. ती प्रकरणाचे नाव आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ते सांगण्याचे साधन म्हणजे परिच्छेद-शैली. परिच्छेदाला एक नाव द्यावयाचे, आणि त्या नावाचा परिच्छेद कसा दिसावा हे एकदाच, एकाच ठिकाणी ठरवून ठेवावयाचे, एवढेच तिचे तत्त्व आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी १९८० साली पूर्ण केलेल्या 'स्क्राइब' या प्रणालीत ते अत्यंत काटेकोरपणे मांडलेले आढळते. पुढे सिमोनी मायक्रोसॉफ्ट कंपनीत गेले आणि १९८३ साली निघालेल्या 'वर्ड'च्या पहिल्याच आवृत्तीत शैलींची सोय होती. म्हणजे हे साधन नवे नाही. ते चार दशकांहून अधिक काळ लेखकांच्या समोर आहे. पुष्कळांनी ते उघडलेले नाही, इतकेच.

आता उदाहरण घेऊ. ते रायपूरशी जवळचे आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात झाला. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी' चालविले, आणि १९२६ साली रायपूर येथेच त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' आणि समर्थ रामदासांचा 'दासबोध' हे दोन मराठी ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. यांपैकी 'दासबोध' प्रस्तुत विषयाला फार सोयीचा आहे, कारण त्याची रचना विलक्षण नेटकी आहे. त्यात वीस दशक आहेत, प्रत्येक दशकात दहा समास आहेत, आणि प्रत्येक समासात ओव्या आहेत. प्रत्येक दशकाला नाव आहे आणि प्रत्येक समासालाही आहे. पहिल्या दशकाचे नाव 'स्तवन', त्यातील पहिल्या समासाचे 'ग्रंथारंभलक्षण'. अनुवादकाला भाषा बदलता येते, ओवीचे गद्य करता येते; परंतु दशक आणि समास त्याला मोडता येत नाहीत. ग्रंथाचा सांगाडा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा जावा लागतो.

समजा, आज कोणी असाच अनुवाद संगणकावर लिहीत आहे. त्याच्या ग्रंथात वीस दशकांची आणि दोनशे समासांची मिळून २२० शीर्षके येतील. प्रत्येक शीर्षकाला हाताने माप द्यावयाचे, ते ठळक करावयाचे आणि मधोमध आणावयाचे म्हटले, तर तीन क्रियांप्रमाणे ६६० क्रिया झाल्या. प्रकाशकाने 'समासांची नावे डावीकडे घ्या आणि थोडी लहान करा' असे कळविले, की पुन्हा चारशे क्रिया आल्या. त्यांपैकी पाच-सात सुटणारच, आणि त्या कोणत्या हे ग्रंथ छापून झाल्यावर कळणार. याउलट दशकाच्या प्रत्येक नावाला पहिल्या पातळीच्या शीर्षकाची शैली आणि समासाच्या प्रत्येक नावाला दुसऱ्या पातळीची शैली दिलेली असेल, तर प्रकाशकाची सूचना अमलात आणण्यासाठी एकाच शैलीची व्याख्या एकदा बदलावी लागते. दोनशे समास त्याच क्षणी बदलतात, आणि एकही सुटत नाही.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये शीर्षकाच्या ओळीत कोठेही कर्सर ठेवून कंट्रोल आणि १ या कळा एकत्र दाबल्या की त्या ओळीला 'हेडिंग १' ही शैली लागते. कंट्रोल आणि २ दाबल्यास 'हेडिंग २'. वर्डमध्ये याच कामासाठी कंट्रोल, आल्ट आणि अंक अशा तीन कळा एकत्र दाबाव्या लागतात. ओळ निवडण्याचे कारण नाही, कारण शैली संपूर्ण परिच्छेदाला लागते. शैलीचे रूप बदलावयाचे असल्यास रायटरमध्ये एफ-११ ही कळ दाबून शैलींची यादी उघडावी, आणि नावावर उजवी कळ दाबून तिची व्याख्या बदलावी. वर्डमध्येही होम या पट्टीवरील शैलीच्या नावावर उजवी कळ दाबली की 'मॉडिफाय' हा पर्याय मिळतो. जे काही बदलावयाचे ते व्याख्येत बदलावे. ओळीवर हात लावू नये. हा एक नियम पाळला तरी निम्मे कार्य साधते.

व्याख्येत तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, शीर्षक पुढील परिच्छेदाला बांधलेले असावे. म्हणजे पानाच्या तळाशी शीर्षक आणि पुढच्या पानावर मजकूर, अशी ताटातूट होत नाही. दुसरी, शीर्षकाच्या वरची आणि खालची जागा व्याख्येतच द्यावी. ती रिकाम्या ओळी घालून सोडण्याची सवय सर्वत्र आढळते. परंतु पान पुढे-मागे सरकले की त्या रिकाम्या ओळी भलत्याच ठिकाणी, कधी कधी पानाच्या अगदी माथ्यावर, जाऊन बसतात. तिसरी, शीर्षकानंतर एंटर दाबताच येणारा परिच्छेद साध्या मजकुराच्या शैलीचा असावा, हेही व्याख्येतच सांगून ठेवता येते.

येथे देवनागरीचा एक स्वतंत्र प्रश्न उभा राहतो. रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी अक्षरांची दोन रूपे आहेत, आणि तिरप्या अक्षरांची जुनी परंपरा आहे. एखादी ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली की ती वेगळी दिसते. देवनागरीत अशी दोन रूपे नाहीत आणि तिरपे अक्षर तिच्या वळणात बसत नाही. मराठी शीर्षकाला वेगळेपण यावयाचे ते माप, जाडी आणि मोकळी जागा या तिहींतूनच. शिवाय फॉन्टला स्वतःचे ठळक रूप नसताना संगणकाने ते कृत्रिमपणे जाड केले, तर जोडाक्षरांच्या पोटातील पोकळ्या बुजतात आणि 'ष्ट्य', 'द्ध' यांसारखी अक्षरे काळे डाग दिसू लागतात. म्हणून शीर्षकाच्या व्याख्येसाठी ज्याला खरे ठळक रूप आहे असाच फॉन्ट निवडावा.

दुसरी अडचण याहून गूढ वाटते, पण तिचे कारण साधे आहे. अनेकांचा अनुभव असा की शैलीत फॉन्ट बदलला, माप वाढविले, तरी मराठी शीर्षक जसेच्या तसे राहिले. वर्ड काय किंवा रायटर काय, दोन्ही प्रणाली रोमन अक्षरांसाठी एक फॉन्ट आणि देवनागरी, अरबी यांसारख्या जटिल लिप्यांसाठी दुसरा फॉन्ट निरनिराळे लक्षात ठेवतात. मापही निरनिराळे ठेवतात. लेखकाने बदललेला असतो तो रोमन अक्षरांचा फॉन्ट. शैलीच्या व्याख्येत फॉन्टच्या पानावर 'कॉम्प्लेक्स' या नावाचा वेगळा भाग असतो. मराठीसाठी फॉन्ट, माप आणि जाडी तेथे द्यावी लागते. रायटरमध्ये हा भाग दिसत नसेल तर भाषेच्या पर्यायांत जाऊन जटिल लिप्यांची सोय प्रथम चालू करावी. मराठीसाठी शैली चालत नाहीत, हा समज पुष्कळदा एवढ्या एका कारणाने झालेला असतो.

तिसरी अडचण जुन्या मजकुराची आहे. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वीच्या काळात मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांत झाली, त्यांतील बहुतेकांत मराठी अक्षराच्या मागे रोमन अक्षराचाच संकेत दडलेला असे. अशा मजकुराला नवी शैली लावून फॉन्ट बदलला की मराठीच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हांची रांग उभी राहते. म्हणून जुना ग्रंथ पुन्हा काढावयाचा असल्यास प्रथम त्याचे युनिकोडमध्ये परिवर्तन करावे आणि मगच शैली लावाव्यात. हा क्रम उलटू नये. परिवर्तनानंतरही जुने हाताने दिलेले माप आणि जाडी ओळींना चिकटून राहते व शैलीचे रूप झाकते. वर्डमध्ये कंट्रोल आणि स्पेस, तसेच कंट्रोल आणि क्यू या कळांनी ते काढता येते. रायटरमध्ये त्यासाठी 'क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग' ही आज्ञा आहे. हा आधुनिक हरताळच होय, मात्र तो झाकीत नाही, पुसून टाकतो.

शैली नीट लावलेल्या असल्या की अनुक्रमणिका लिहावी लागत नाही, ती मिळते. वर्डमध्ये 'रेफरन्सेस' या पट्टीवरून आणि रायटरमध्ये 'इन्सर्ट' या मेन्यूतून अनुक्रमणिका मागितली की प्रणाली सर्व शीर्षके पातळीप्रमाणे गोळा करून त्यांचे पृष्ठांक मांडते. दोन सावधगिरीच्या सूचना येथे आवश्यक आहेत. मजकूर बदलल्यावर अनुक्रमणिका स्वतःहून बदलेलच असे नाही. ती अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि ती मुद्रणप्रत पाठविण्यापूर्वी अगदी शेवटी दिलीच पाहिजे. दुसरी सूचना दोन ओळींच्या शीर्षकाविषयी. वरच्या ओळीत 'समास पहिला' आणि खालच्या ओळीत 'ग्रंथारंभलक्षण' असे छापावयाचे असल्यास दोहोंमध्ये नुसते एंटर दाबू नये. तसे केल्यास संगणक ती दोन शीर्षके मानतो आणि दोनशे समासांची अनुक्रमणिका चारशे ओळींची होते. शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबल्यास ओळ तुटते, शीर्षक मात्र एकच राहते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. छापखान्यातील सजावटकार पानांची मांडणी नव्याने करणारच आहे. मग लेखकाने हा खटाटोप का करावा? आक्षेप अर्धा खरा आहे. लेखकाने निवडलेला फॉन्ट आणि माप सजावटकार बदलतो. परंतु शैलीचे नाव तो बदलत नाही. तेच त्याचा आधार असते. 'हेडिंग २' हे नाव असलेले सर्व परिच्छेद तो एका आज्ञेत आपल्या मांडणीत घेऊ शकतो. नावेच नसतील तर कोणती ठळक ओळ शीर्षक आणि कोणती नुसती ठळक, याचा निर्णय त्याला पानोपानी अंदाजाने करावा लागतो. ग्रंथाच्या विचारक्रमाविषयीचा निर्णय अशा रीतीने ज्याने ग्रंथ वाचलेलाही नसतो त्याच्या हाती जातो. अनुवादित ग्रंथात हा धोका दुप्पट असतो, कारण तेथे मोडतो तो मूळ ग्रंथकाराचा क्रम.

याहूनही महत्त्वाचे कारण एका विशिष्ट वाचकाशी निगडित आहे. तो वाचक अंध आहे. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली आज उपलब्ध आहेत. २००६ पासून निघत असलेली 'एनव्हीडीए' ही त्यांपैकी एक विनामूल्य प्रणाली आहे. तिच्या वाचनपद्धतीत रोमन एच ही कळ दाबली की वाचक पुढच्या शीर्षकावर जातो, १ दाबला की पहिल्या पातळीच्या, २ दाबला की दुसऱ्या पातळीच्या. डोळस वाचक पाने चाळतो. अंध वाचक शीर्षके चाळतो. परंतु लेखकाने शीर्षकाची नुसती अक्षरे मोठी केली असतील, तर या वाचकासाठी ते शीर्षक अस्तित्वातच नसते. अक्षराचा मोठेपणा कानाला ऐकू येत नाही. दोनशे समासांचा ग्रंथ त्याच्यापुढे एकसंध पट्टीसारखा पसरतो, आणि एकोणिसावा दशक हवा असल्यास अठरा दशक ऐकत जाण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

कायद्याने या वाचकाची वाट मोकळी केली आहे. दृष्टिबाधितांना वाचता येतील अशा रूपात ग्रंथ उपलब्ध करून देण्यास २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात मुभा मिळाली. त्याच हेतूने २०१३ साली झालेल्या मराकेश कराराला अनुमोदन देणारे पहिले राष्ट्र भारतच होते, आणि ते अनुमोदन २०१४ साली दिले गेले. परंतु कायदा ग्रंथाचे दार उघडू शकतो. आतल्या खोल्यांना नावे देण्याचे काम लेखकाचे आणि अनुवादकाचेच राहते.

समर्थांनी या गोष्टीचा विचार वेगळ्या काळात आणि वेगळ्या साधनांच्या संदर्भात केला होता. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा आहे. त्यात अक्षर कसे वळवावे, ओळीत किती अंतर ठेवावे, देशोदेशीचे बोरू कसे जमवावे, असा सर्व कारागिरीचा उपदेश आहे. त्यातील दोन मुद्दे येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की आरंभी जे अक्षर काढले तेच ग्रंथ संपेपर्यंत राहावे. सारा ग्रंथ एकाच लेखणीने लिहिला आहे असे वाटावे. बोरू झिजतो, हात थकतो, दिवस मावळतो, तरीही अक्षर बदलू नये, अशी ही अपेक्षा आहे. लेखनिकाला जे आयुष्यभराच्या सरावाने साधावे लागे, ते परिच्छेद-शैली एका व्याख्येने साधते. दुसरा मुद्दा असा की तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. येथे समर्थांच्या नजरेपुढे ज्याची दृष्टी मंदावली आहे असा वाचक आहे. अक्षराच्या सौंदर्याइतकीच त्याच्या सोयीची चिंता त्यांनी लेखनाच्या नियमांत बसविली. शीर्षकाला त्याचे खरे नाव देणे हा त्याच चिंतेचा आजचा प्रकार होय.

शेवटी एक परीक्षा सुचवावीशी वाटते. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. ग्रंथ लिहून पूर्ण झाला की रायटरमध्ये एफ-५ ही कळ दाबून नॅव्हिगेटर उघडावा. वर्डमध्ये 'व्ह्यू' या पट्टीवरून 'नॅव्हिगेशन पेन' घ्यावे. मजकूर बाजूला राहतो आणि केवळ शीर्षकांची उतरंड दिसू लागते. ती वरपासून खालपर्यंत सावकाश वाचावी. एखादे शीर्षक दिसतच नसेल, तर त्याला शैली दिलेली नाही. एखादे भलत्या पातळीवर दिसत असेल, तर त्याची पातळी तरी चुकली आहे किंवा ग्रंथाची मांडणी तरी. मांडणी चुकली असेल तर तेथल्या तेथे शीर्षक ओढून योग्य ठिकाणी न्यावे. त्याखालचा सारा मजकूर त्याच्याबरोबर जातो. आणि नुसती शीर्षके वाचूनही ग्रंथ काय सांगतो हे समजत असेल, तर मुद्रणप्रत पाठविण्यास हरकत नाही. ती कोणाच्याही हाती गेली, कोणत्याही फॉन्टात छापली गेली किंवा कोणाच्याही कानी पडली, तरी तिचा क्रम मोडणार नाही.